बासरीचं घराणं

श्वानबळीचं पान बासरीने हुंगलं, मान वर करून एकदा संध्याकडे पाहिलं आणि ती शेडच्या सावलीत जाऊन बसली.

"खाऊन नाही राह्यली," बाळासाहेब म्हणाले.

स्वयंपाकघरात, कपाटाला टेकवून ठेवलेल्या टॅबलेटमधून, नागपूरचे गुरुजी विचारत होते की कावळ्याचं झालं का, गाईचं झालं का. कावळ्याचं केव्हाच झालं होतं. लिक्सलिपच्या बाहेरच्या या घराभोवती कावळ्यांना काही तोटा नव्हता, आणि आयर्लंडचे कावळे गेलेल्या माणसाच्या इच्छाबिच्छा बघत बसत नाहीत. पान ठेवून माणूस वळायच्या आत वडा उचलतात. गाईचं पान संध्याच्या मुलाने, रोहितने, कुंपणावरून शेजारच्या शेतातल्या गाईंपुढे धरलं होतं, बुटांना शेण लागणार नाही अशा बेताने. राहिलं होतं ते कुत्र्याचं, आणि ज्या घरात कुत्रं आहे तिथे निदान ही तरी अडचण येऊ नये, असं सगळे धरून चालले होते.

"शिरीषच्या हातची कुत्री, अन् त्याच्याच वर्षश्राद्धाले तोंड लावत नाही," बाळासाहेब पुन्हा म्हणाले. "काही तरी इच्छा राह्यली त्याची."

यात शकुन-अपशकुन काही नाही, हे संध्याला ठाऊक होतं. बासरी माजावर आली होती. माजावर आली की ती नेहमीच अन्नावरून उठायची, चार दिवस नुसतं पाणी पिऊन राहायची. पण म्हणून भाऊजी चुकले असंही तिला म्हणवेना. शिरीषची इच्छा राहिली होती, आणि ती कोणती हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिने पदर खोचला आणि ती पानं वाढायला आत गेली.

शिरीष चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला म्हणून लिक्सलिपला आला तेव्हा त्याने हे घर आधी भाड्याने आणि मग विकत घेतलं ते डोनलकडून, आणि घरासोबत डोनलचा नाद त्याला फुकट मिळाला. डोनलच्या आजोबांपासून चालत आलेलं बीगल कुत्र्यांचं एक घराणं होतं. ठेंगणी, लांब कानांची, बिळातल्या सशांच्या मागावर जाणारी. प्रदर्शनातल्या बीगलसारखी देखणी नव्हेत आणि चपळ तर मुळीच नव्हेत. पण एकदा नाक जमिनीला लागलं की ते सुटायचं नाही, आणि माग मिळाला की त्यांच्या गळ्यातून जो आवाज निघायचा तो ऐकायला आसपासची माणसं रविवारी चर्चमधून परस्पर शेतांच्या बांधावर येऊन उभी राहायची. डोनल बंदूक बाळगी, कधीमधी ससा घरी नेई. शिरीषने बंदुकीला हात लावला नाही. शाकाहारी घरातला मुलगा; ससा बिळात शिरून वाचला की त्याला मनापासून आनंद व्हायचा आणि डोनल त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल करायचा. शिरीष जायचा तो त्या आवाजासाठी. घरी आला की चिखलाचे बूट दारात टाकून संध्याला सांगत बसायचा, आज कशी लागली होती, कुठल्या वळणावर आवाज कसा फिरला. ती म्हणायची, हात धुवा आधी.

म्हातारा डोनल धूर्त होता. स्वतःची वृद्धाश्रमात जायची वेळ आली तेव्हा त्याने एक कुत्री आणि तिची पिल्लं शिरीषच्या हवाली केली, आणि त्या कुत्रीचा धाकटा भाऊ बारनी टिपरेरीला आपल्या बहिणीकडे, नोरीनकडे दिला. दोघांना एकमेकांच्या दारी यावंच लागेल अशी त्याने व्यवस्था करून ठेवली. पुढे त्या कुत्रीची पिल्लं कुणी कुणी हौसेने मागून नेली, शहरातल्या घरांत त्यांच्या नसबंद्या झाल्या, एक गाडीखाली गेलं, आणि हातात राहिली ती बासरी. तिचं आणि बारनीचं जुळवायचं असं शिरीष आणि नोरीनचं ठरलं, तेवढ्यात शिरीषचं दुखणं निघालं. मग हॉस्पिटलच्या खेपा सुरू झाल्या आणि कुत्र्यांचं कुणाला सुचलं नाही. एकट्या शिरीषला सुचत होतं. शेवटच्या आठवड्यातही तो संध्याला म्हणाला होता, "माझं राहू दे. बासरीचं तेवढं बघ."

आणि संध्याने वर्षभर काहीच केलं नव्हतं.

पंगत बसली. पंगत म्हणजे जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या. रोहितची बायको इशिता उभ्याउभ्याच वाढत होती. खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं संध्याने पहाटेपासून एकटीने केलं होतं. मुक्ता, धाकटी, डून लेरीहून सकाळच्या गाडीने आली होती आणि तिचे डोळे सुजलेले होते. बाळासाहेब खास या विधीसाठी नागपूरहून आले होते. शिरीषपेक्षा ते नऊ वर्षांनी मोठे. भावावर त्यांचा जीव होता आणि रागही तेवढाच. दर दिवाळीला शिरीष त्यांना फोनवर सांगायचा, पुढच्या वर्षी कायमचा येतो, दादा. बाळासाहेबांनी त्याच्या वाट्याची खोली रंगवून ठेवली होती, पुन्हा रंगवली होती, आणि मग रंगवणं सोडून दिलं होतं.

रोहितने खीर संपवली आणि घसा साफ केला. तो ॲडम्सटाउनला राहायचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत माणसं सांभाळायचा, आणि घरच्यांशी बोलतानाही त्याला मीटिंगची सवय सुटत नसे.

"काका आहेत तोवर बोलून घेऊ या," तो म्हणाला. "घराचं गिऱ्हाईक पक्कं झालंय. जुलैत ताबा मागतायत. आई आमच्याकडे येईल, तिची खोली तयार आहे. प्रश्न फक्त बासरीचा होता, तोही सुटला. मुक्ताच्या ऑफिसजवळ एक फॅमिली आहे, चांगली माणसं आहेत. अट एकच, नसबंदी करून हवी. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय."

"कोणी घेतली?" मुक्ताने विचारलं.

"मी."

"मला न विचारता? ती फॅमिली मी तुला फक्त सांगितली होती, रोहित. आय नेव्हर सेड येस."

"कुणीतरी ठरवायला नको? तू तर दोन वर्षं नुसती म्हणतेयस की बाबांची लाइन टिकवायची. फ्लॅटमध्ये राहतेस शेअर करून. कुठे टिकवणार, बाल्कनीत?"

"बरोबर बोलते तो," बाळासाहेब म्हणाले. "घर विका. अन् संध्या, मी तर म्हणतो तू नागपूरले ये. काय ठेवलं आहे इथं?"

एरवी मुक्ता वाद घालायला लागली की संध्या तिच्या बाजूने दोन शब्द बोलायची. आज ती वाटीतली चटणी ढवळत बसली होती. मग ती हळूच म्हणाली, "सोमवारी नाही व्हायचं ऑपरेशन. ती माजावर आहे. अशात करत नाहीत."

मुक्ताने घास खाली ठेवला.

"आत्ता? शी इज इन सीझन नाऊ?"

"चार-पाच दिवस होऊन गेले. आठवडा म्हण."

"आणि तू नोरीनला कळवलं नाहीस?"

"आज संध्याकाळी करणार होते फोन. आजचा दिवस जाऊ दे म्हटलं."

मुक्ता आईकडे बघत राहिली. मराठी तिला सगळं कळायचं, पण रागावली की तिचं उरलंसुरलं मराठी पळून जायचं आणि डब्लिनच्या पोरींचं इंग्रजी तोंडात यायचं. यावेळी मात्र ती एकेक शब्द जुळवत मराठीतच बोलली. "नाताळात मी विचारलं होतं तुला. तू म्हणालीस, यंदा ती आलीच नाही. वय झालं म्हणालीस. आली होती ना?"

"आली होती."

"आणि मागच्या जूनमध्ये?"

"तेव्हाही."

"मग का?"

संध्याने वाटी बाजूला सारली. "वर्ष फिरायचं होतं, मुक्ता. वर्षाच्या आत घरात मंगलकार्य नाही करायचं. भाऊजींनीच सांगितलं होतं फोनवर. नोरीन दोन्ही वेळा कुत्रा घेऊन यायला तयार होती. मी तिला म्हटलं, आमचं वर्ष सरू दे. ती म्हणाली, आमच्यातही असतं, माझी आई वर्षभर काळ्या कपड्यांत होती. मग तिने आग्रह केला नाही."

सगळ्यांनी बाळासाहेबांकडे पाहिलं. बाळासाहेबांचा हात वड्यावर थांबला होता.

"मी?" ते म्हणाले. "मी कवा सांगतलं?"

"तेराव्यानंतर. म्हणालात ना, वर्षभर काही शुभकार्य करायचं नाही."

"अरे, ते रोहितच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीबद्दल होतं. त्यानं विचारलं होतं वास्तुशांत करू का, म्हणून मी म्हटलं वर्षाच्या आत नको." त्यांनी वडा खाली ठेवला. "कुत्रीच्या पोटाले कायचं आलं सुतक, संध्या? बाबा गेले तवा तिसऱ्या दिवशी आपली गाय व्याली. आईनं स्वतः चीक काढून लोकायले वाटला. जनावरं कधी थांबतात का माणसासाठी?"

इशिताने भाताचं पातेलं उगाचच परत गॅसवर ठेवलं.

संध्याला वाटलं, आपण हसावं. खरंच हसण्यासारखं होतं ते. साठीच्या जवळ आलेली बाई, एम. एस्सी. झालेली, पंचवीस वर्षं परदेशात काढलेली, आणि कुत्रीला सुतक पाळायला लावते. पण हसू येईना, कारण भाऊजींचा तो शब्द तिने वर्षभर का कवटाळून ठेवला होता हे तिला आतून माहीत होतं. पिल्लं झाली असती. पिल्लं झाली की पहिल्या दिवशी शिरीष त्यांना एकेक करून कानाशी धरायचा, कुणाचा आवाज कसा निघेल ते ऐकायला. ती पिल्लं शेडमध्ये कुईं कुईं करत असती आणि त्यांना उचलायला तो नसता. हे तिला बघायचं नव्हतं. भाऊजींनी नुसतं "नको" म्हटलं असतं, एवढंच म्हटलं असतं, तरीही तिने तेच धरून ठेवलं असतं.

"व्हेट काय म्हणतो?" रोहितने विचारलं. आवाज उतरला होता त्याचा.

"हे शेवटचं," संध्या म्हणाली. "यानंतर तिच्या जिवाला धोका. आणि बारनीशिवाय दुसरा कुत्रा नाही त्या घराण्यात."

बाळासाहेब उठले. हात न धुताच त्यांनी खिडकीतून शेडकडे पाहिलं, मग वळून म्हणाले, "फोन लाव त्या बाईले. आत्ताच्या आत्ता."

"भाऊजी, आज श्राद्धाचा दिवस."

"श्राद्ध आटोपलं. पान उचललं कावळ्यानं. त्याची इच्छा राह्यली असं मीच म्हटलं ना सकाळी? मग? लाव फोन."

मुक्ताने फोन आधीच हातात घेतला होता.

नोरीनला यायला दुपारचे तीन वाजणार होते. तोवर भांडी होती. मुक्ता विसळत होती, संध्या पुसत होती, आणि दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"मी घेऊन गेले असते तिला," मुक्ता म्हणाली. "यू ओन्ली हॅड टू टेल मी. तुला घरात नको होतं तर टिपरेरीलाच राहिली असती ती, पिल्लं मोठी होईपर्यंत. बाबा मला न्यायचे शेतावर, आठवतं? तुला कधीच यायचं नसायचं. मला तो आवाज पाठ आहे. तो आवाज काही फक्त तुझ्या मालकीचा नव्हता, आई. तू एकटीनेच ठरवलंस, आणि वर खोटं बोललीस."

"बोलले."

"का पण?"

संध्याने एक ताट दोनदा पुसलं. "तू विचारलंस तेव्हा तुझा आवाज इतका आशेने भरलेला होता की मला नाही म्हणायचं धाडस झालं नाही. म्हणून म्हटलं, तीच आली नाही. कुत्रीवर ढकललं."

मुक्ताने नळ बंद केला. रागावलेलीच होती ती, पण ओल्या हातांनी तिने आईचा खांदा धरला आणि तशीच उभी राहिली. बाहेर बाळासाहेब रोहितला अंगण झाडायला लावत होते. सकाळी घर विकायच्या बाजूने असलेले काका दुपारी एवढे बदललेले पाहून रोहित चक्रावला होता, पण झाडू त्याने घेतला होता.

"त्याचं नातं काय म्हटलं हिच्याशी?" बाळासाहेब विचारत होते.

"बारनी? बासरीच्या आईचा भाऊ," रोहित म्हणाला.

"मामा?"

"मामाच झाला की."

"असू दे," बाळासाहेब म्हणाले. "कर्नाटकात चालते."

नोरीनची जुनी स्टेशन वॅगन फाटकातून आत आली तेव्हा संध्या दारातच उभी होती. नोरीन सत्तरीची, उंच, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई. उतरल्या उतरल्या तिने संध्याला मिठी मारली, शिरीषच्या फोटोपुढे आत जाऊन हात जोडले, चहाला नको म्हणाली, आणि मग गाडीचं मागचं दार उघडण्याआधी थांबली.

"मी फोनवर नीट बोलले नाही," ती तिच्या सावकाश इंग्रजीत म्हणाली; संध्याला ती सँडी म्हणायची. "तो आता पूर्वीचा नाही, सँडी. फेब्रुवारीपासून मागचे पाय धरत नाहीत. मन मात्र ग्रँड आहे. म्हटलं आणून तर बघू."

दार उघडलं. बारनीला तिने उचलूनच खाली ठेवलं. तोंड सगळं पांढरं झालेलं, डोळ्यांवर पडदा आलेला, पण नाक तेवढं तरतरीत होतं. जमिनीवर पाय टेकताच त्याला अंगणात कोण आहे ते कळलं. शेपटी उभी राहिली. शेडमधून बासरी आली, त्याच्याभोवती फिरली, पुढे उभी राहिली आणि तिने शेपटी बाजूला केली. ती तयार होती, याबद्दल कुणालाच शंका राहिली नाही.

बाळासाहेबांनी संकोचाने पाठ फिरवली आणि कुंपणापलीकडच्या गाई बघायला लागले. इशिता खिडकीतून बाजूला झाली. पुढे झाला तो रोहित. लहानपणी बाबांनी बोलावलं तरी शेडकडे न फिरकणारा रोहित आपल्या श्राद्धाच्या पांढऱ्या झब्ब्यात गुडघे टेकून बसला आणि त्याने बारनीला मागून आधार दिला.

"असं धरू?"

"असंच. घट्ट नको," नोरीन म्हणाली. "त्याचं त्याला करू दे."

म्हाताऱ्याने प्रयत्न केला. पुढचे पाय बासरीच्या पाठीवर टाकले, आणि मागचे थरथरून खाली बसले. रोहितने उचललं. पुन्हा तेच झालं. नोरीन त्याच्याशी बोलत होती, लहान मुलाशी बोलावं तसं, आपल्या आयरिश भाषेत. मुक्ता बासरीचं डोकं धरून बसली होती. मध्ये विसावा दिला, पाणी पाजलं, शेडमागच्या हिरवळीवर नेऊन पाहिलं. बासरी जराही हलली नाही, इतकी शहाणी ती. शेवटी बारनीने तिचा कान चाटला, दोनदा चाटला, आणि तो तिच्या पायाशी उन्हात आडवा झाला. बासरीने वळून त्याला हुंगलं. मग तीही त्याला लागून बसली.

रोहित तसाच गुडघ्यांवर होता. "उद्या?" त्याने विचारलं. "उद्या पुन्हा बघू? इथे राहू दे त्याला."

नोरीनने मान हलवली. "नाही रे राजा. झालं." तिने खिशातून रुमाल काढला. "नाताळात सगळी शेतं पालथी घालत होता हा. एका दिवसाचं काम होतं तेव्हा..."

ती बोलता बोलता थांबली. पण बोलून तर गेली होती.

"माझ्यामुळे," संध्या म्हणाली.

"मीही आग्रह धरला नाही. धरायला हवा होता."

"तुम्ही मान ठेवलात. चूक माझी. मला शिरीषशिवाय ती पिल्लं बघायची नव्हती, नोरीन. वर्षाचं निमित्त होतं. त्याने एवढं एकच सांगितलं होतं मला." तिचा आवाज सरळ होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिने पुसलं नाही.

"दुसरा कुत्रा?" रोहितला काहीतरी करायचंच होतं. "दुसरा एखादा चांगला बीगल. निम्मं तरी राहील."

"बीगल पुष्कळ आहेत," नोरीन म्हणाली. "चांगले आहेत, जलद आहेत. पिल्लंही गोड होतील. पण ते सशाला गाठायला धावतात. आमच्या डोनलची कुत्री गाठायला धावतच नव्हती. ती मागावरून गात जायची, बस. त्यात दुसरं रक्त घातलं की ते पहिल्या झटक्यात जातं. आमच्या बापाने एकदा घालून बघितलं होतं. सगळी वीण वाटून टाकावी लागली."

संध्याने नकाराची मान हलवली. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

निघताना नोरीनने बारनीला गाडीत ठेवलं. बासरी गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली, दार लागलं, गाडी फाटकाबाहेर गेली, तरी ती तिथेच उभी. संध्या तिच्याकडे बघत होती. इतकी वर्षं तिने या कुत्रीला खाऊ घातलं, आंघोळ घातली, दवाखान्यात नेलं, पण शेतावर एकदाही नेलं नाही. ते शिरीषचं काम होतं. त्याच्यामागे बासरीला कुणी शेत दाखवलंच नव्हतं.

"मुक्ता," ती म्हणाली, "पट्टा आण तिचा. कुठल्या शेतावर नेत होते बाबा?"

वाट मुक्ताने दाखवली. घरामागच्या गल्लीतून वर, काटेरी कुंपणातल्या फटीतून, चढाच्या शेतावर. मे महिना असल्यामुळे ऊन अजून भरपूर होतं आणि कुंपणं पांढऱ्या फुलांनी भरलेली होती. बाळासाहेब धोतर सावरत मागून येत होते, त्यांना हात द्यायला रोहित होता. चढावर दम खायला थांबले तेव्हा रोहित कुणाकडेच न बघता म्हणाला, "आमच्या बिल्डिंगमध्ये कुत्रा चालत नाही असं मी म्हणतो खरं. विचारलं कधीच नाही. विचारतो."

"विचार," संध्या म्हणाली.

वरच्या कुंपणाच्या कडेला सशांची बिळं होती. मुक्ताने पट्टा सोडला. बासरी आधी तिथेच उभी राहिली, हे खरं आहे का अशा अविश्वासाने. मग नाक खाली गेलं. ती कुंपणाच्या कडेने निघाली, थांबली, मागे आली, पुन्हा निघाली. पांढरा-तांबडा ठिपका गवतात कधी दिसे, कधी दिसेनासा होई. एक ससा बराच पुढे उडी मारून निवांत पळाला. तिला तो दिसलाही नाही, तिला बघायचंच नव्हतं.

आणि मग तो आवाज आला.

एवढ्याशा कुत्रीतून तो येतो यावर विश्वास बसू नये असा. खालून सुरू होऊन लांबत जाणारा, वर गेल्यावर थोडा फाटणारा, आणि संपतो असं वाटेपर्यंत पुढचा सुरू होणारा. शेताच्या वरच्या अंगाला गेला, वळला, परत यायला लागला. मुक्ता रडत होती आणि हसतही होती. शिरीष दारात बूट काढता काढता जे सांगायचा, हात धुवा म्हणत जे तिने कधी पुरतं ऐकून घेतलं नाही, ते संध्याला आता शब्दाशब्दाने कळत होतं. तिला तो हवा होता, आत्ता, इथे, चिखलाच्या बुटांसकट. त्याच्याजवळ उभं राहून हे एकदा ऐकायला हवं होतं. वीस वर्षं तो रोज म्हणत होता, चल.

बाळासाहेब बांधावर बसले होते. दोन्ही हात काठीवर, मान खाली. आवाज जवळून गेला, पुन्हा लांब गेला. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड वर केलं.

"याच्यासाठी राह्यला होय तो इथं," ते म्हणाले. "अन् मी समजत होतो, पैशासाठी राह्यला."

ससा बिळात गेला असावा. आवाज थांबला. मग कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला नवा माग लागला आणि तो पुन्हा उठला. बाळासाहेब उठायला लागले, सांज होईल, घरी जाऊ म्हणाले. संध्याने त्यांच्या हातावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"ऐकून घ्या, भाऊजी," ती म्हणाली. "नीट ऐकून घ्या. हिच्यामागे कुणी नाही."